दवाखान्याचे बिल आणि आपली हिशेबपट्टी

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही कर्जत-खालापूरची माणसे. रायगड म्हटले की लोकांना समुद्र आणि नारळ आठवतो. आमच्या दोन तालुक्यांत समुद्र नाही. बोरघाटाच्या पायथ्याचा मुलूख आमचा. खाचरात भात, वरकस जमिनीवर नाचणी-वरी, आणि भातकापणी झाली की कुणी खोपोलीच्या कारखान्यात, कुणी लोकल पकडून कल्याण-ठाण्याला, कातकरी बांधव वीटभट्टीवर. तुमच्याकडे कापूस आणि ज्वारी. आमच्याकडे पाऊस नको तितका पडतो, तुमच्याकडे हवा तेव्हा पडत नाही. तेव्हा भाताच्या माणसांनी येऊन कापसाच्या माणसांना शेती शिकवावी, असा आमचा इरादा नाही. आम्ही बोलणार आहोत २०२० आणि २०२१ सालच्या कोरोनाच्या साथीत आमच्या घरांतून पैसा कसा गेला, त्यातला किती जायला नको होता, आणि पुन्हा साथ आली तर तो कसा अडवायचा, ह्याविषयी.

बाजार समितीत माल नेला की हातात हिशेबपट्टी पडते. वजन किती, भाव काय, हमाली किती, तोलाई किती, अडत कुणी कापली. पट्टी न मागणारा शेतकरी पूर्वी पुष्कळ होता. आता तो पट्टी मागतो, वाचतो आणि काट्याशी भांडतोही. ओलावा जास्त म्हणून भाव पाडला तर "मीटर दाखव" म्हणतो. हे शहाणपण सहजासहजी आलेले नाही, त्यासाठी लोकांनी रस्त्यावर बसून दिवस काढले आहेत. पण हाच माणूस दवाखान्याच्या काउंटरसमोर उभा राहिला की मुका होतो. एका कागदावर एकच आकडा लिहिलेला असतो आणि तो आकडा भरायला तो पैसे शोधत फिरतो. आकडा कशाचा, हे विचारत नाही. आत माणूस अडकलेला असतो. विचारले तर त्याच्यावर राग काढतील, ही भीती असते. भीती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही.

आता आकडे सांगतो. २१ मे २०२० रोजी महाराष्ट्र सरकारने अधिसूचना काढली. खाजगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटा सरकारी दराखाली आणल्या. साध्या वॉर्डात विलगीकरण दिवसाला ४,००० रुपये, व्हेंटिलेटरशिवाय अतिदक्षता विभाग ७,५०० रुपये, व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये. उरलेल्या २० टक्के खाटांना रुग्णालयाचा दर. पीपीई किट, महागडी औषधे, काही तपासण्या ह्या दरातून वगळलेल्या होत्या. कायदे वापरले त्यांत एक १८९७ सालचा, मुंबईत प्लेग आला तेव्हाचा. म्हणजे सव्वाशे वर्षांत साथीसाठी आपल्या राज्यकर्त्यांना नवे हत्यार सापडले नव्हते, ते असो.

हे दर आपल्या मापाने मोजू. २०१९-२० च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता क्विंटलला ५,५५० रुपये, संकरित ज्वारीचा २,५५०, आमच्या साध्या भाताचा १,८१५. व्हेंटिलेटरचा एक दिवस म्हणजे दीड क्विंटलाहून जास्त कापूस, किंवा साडेतीन क्विंटल ज्वारी, किंवा जवळजवळ पाच क्विंटल भात. साध्या वॉर्डातला आठवडा म्हणजे २८,००० रुपये, पाच क्विंटल कापूस. कोरडवाहू एकराचा सगळा माल साध्या खाटेवर सात दिवसांत संपला. आणि हा हमीभावाचा हिशेब झाला. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये खरेदी केंद्रे बंद होती, कापूस घरात पडून होता, आणि हमीभाव हातात किती जणांना मिळाला ते तुम्ही आमच्यापेक्षा चांगले जाणता.

हा सरकारने बांधलेला, म्हणजे कमी केलेला दर आहे, हे लक्षात घ्या. ज्याला दर बांधलेला आहे हेच माहीत नव्हते, त्याने काय भरले असेल?

इथे कुणीतरी शंका काढणारच, तेव्हा आम्हीच काढतो. शेतीमालाच्या भावावर सरकारने हात ठेवला की आपण ओरडतो. मग दवाखान्याच्या दरावर ठेवला तर बरे कसे वाटते? ज्याने त्याने आपल्या सेवेचा भाव घ्यावा, हेच आपले म्हणणे ना? म्हणणे तेच आहे. पण बाजार म्हणायचा तर घेणाऱ्याला "नको" म्हणून उठून जाता आले पाहिजे. कांदा महागला तर शहरातली बाई आठ दिवस कांद्याशिवाय भाजी करते, त्यात कुणी दगावत नाही. ऑक्सिजन खाली गेलेल्या बापाला रिक्षात घेऊन चार दवाखाने हिंडलेला मुलगा पाचव्या दारात भाव करू शकत नाही. नाशवंत माल घेऊन संध्याकाळी बाजारात अडकलेल्या शेतकऱ्याची जी गत, तीच त्याची. त्याच्या अडचणीचा भाव लावणे ह्याला आम्ही बाजार म्हणत नाही. आणि हेही कबूल करू की दर बांधल्याने खाट तयार होत नाही. सरकारी दवाखान्यात वर्षानुवर्षे डॉक्टर न भरणाऱ्या सरकारने साथीत खाजगीचे दर बांधले म्हणून त्याची आरती ओवाळायचे कारण नाही.

आमच्याकडचे सांगतो. कर्जतला उपजिल्हा रुग्णालय आहे, कशेळ्याला ग्रामीण रुग्णालय आहे. माणूस अत्यवस्थ झाला की मात्र पनवेल, नवी मुंबई, कल्याण, नाहीतर घाट चढून पुणे. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाली. अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी ती जूनमध्ये सुरू झाली, पण सर्वसामान्यांना ठरावीक वेळेत गाडीत चढता आले ते १ फेब्रुवारी २०२१ पासून, आणि एप्रिलमध्ये पुन्हा दार बंद. कर्जत-खोपोलीच्या माणसाची लोकल थांबली म्हणजे पगार थांबला. भाजी आणि दूध घेऊन जाणाऱ्या बायका घरी बसल्या. माथेरान बंद, म्हणून घोडेवाले, हमाल, हातरिक्षावाले रिकामे. त्यात ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडावर आले, घरांवरची कौले-पत्रे उडाले. मिळकत शून्य, छप्पर उघडे, आणि अशा घरात ताप आला.

अशा वेळी घर काय करते? आधी डबा रिकामा होतो. मग बायकोचे डोरले. मग उसनवारी. आणि मग आमच्याकडे एक चौथी पायरी आहे, ती तुमच्याकडे नाही. कर्जत-खालापूर मुंबईच्या तोंडाशी आहे. फार्महाऊसवाल्यांमुळे आमच्या जमिनीला गुंठ्याचा भाव आहे आणि दलाल गावोगाव आहेत. दवाखान्यात डिपॉझिट भरायचे आहे ही बातमी दलालाला पाहुण्यांच्या आधी कळते. तो रोख रक्कम घेऊन येतो, सहानुभूती दाखवतो, इसारपावतीवर सही घेतो, कधी कुलमुखत्यारपत्रावरच घेतो. माणूस वाचतो किंवा जातो, पण रस्त्याकडेची जमीन मात्र जातेच. आदिवासीची जमीन जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय बिगर-आदिवासीला देता येत नाही, तरीही साध्या कागदावर अंगठे घेतले जातात, ताबा घेतला जातो.

तुमच्याकडे कोरडवाहू जमीन विकत घ्यायला रात्री दोन वाजता कुणी उभा राहत नाही. तिथे सावकार उभा राहतो, नाहीतर बचत गटाच्या नावाखाली दाराशी येणारा मायक्रोफायनान्सवाला. आमच्यात आणि तुमच्यात फरक एवढाच की आमचे घर एका सहीत मोडते आणि तुमचे हप्त्याहप्त्याने.

म्हणून पहिली गोष्ट. दवाखान्यातल्या पहिल्या रात्री कसलीही विक्री करायची नाही. जमीन नाही, बैलजोडी नाही, खरेदीखत नाही, इसार नाही, मुखत्यारपत्र नाही. अगदीच गळ्याशी आले तर सोने बँकेत गहाण टाका, मोडू नका. गहाण सुटू शकते. आणि त्या रात्री घरातल्या एकाने पैशामागे धावायचे, तर दुसऱ्याने कागदामागे. घरात शिकलेली पोरगी असेल तर हे दुसरे काम तिला द्या, ती चांगले करते असा आमचा अनुभव आहे.

कागद म्हणजे कुठले? भरती करताना शिधापत्रिका आणि आधार जवळ हवे. रुग्णालय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे का, हा पहिला प्रश्न. असेल तर आरोग्यमित्र कुठे बसतो, हा दुसरा. २३ मे २०२० च्या निर्णयाने ही योजना साथीपुरती राज्यातल्या सर्व रहिवाशांना, कुठल्याही रंगाच्या शिधापत्रिकेला, खुली झाली होती. पण ती फक्त अंगीकृत रुग्णालयांत आणि ठरलेल्या उपचारांनाच लागू होती, आणि आपल्या माणसाला ती आहे हे सांगायला कुणी बसले नव्हते. आता तिची मर्यादा वाढली आहे. तेव्हा कुटुंबाला वर्षाला दीड लाख होते, २०२४ पासून पाच लाख झाले, आणि सर्व शिधापत्रिकाधारकांना ती आहे. टोल फ्री क्रमांक १५५३८८. लिहून घ्या. मोबाईलमध्ये नको, मोबाईलची बॅटरी नेमकी त्या दिवशी संपते. शिधापत्रिकेच्या आतल्या बाजूला लिहा.

मग बिल. एकरकमी आकडा स्वीकारायचा नाही. तपशीलवार बिल मागायचे आणि ते पट्टीसारखे वाचायचे. समजा माणूस मे २०२० नंतर दहा दिवस सरकारी दराच्या खाटेवर होता. पाच दिवस वॉर्डात, पाच दिवस अतिदक्षतेत, व्हेंटिलेटर नाही. २०,००० अधिक ३७,५००, म्हणजे ५७,५००. ह्यापेक्षा जो आकडा वर आहे तो कशाचा, एवढेच विचारायचे. तिथे पीपीई किट सापडतात. एकाच खोलीत चार रुग्ण, परिचारिका एक, तिच्या अंगावर किट एक, आणि बिलावर चौघांच्या नावाने चार. स्कॅन असेल तर त्याचाही दर बांधलेला होता. सप्टेंबर २०२० पासून यंत्राच्या क्षमतेप्रमाणे २,०००, २,५०० आणि ३,००० रुपये. आरटीपीसीआर चाचणी तर ४,५०० वरून उतरत उतरत मार्च २०२१ अखेर केंद्रावर नमुना दिल्यास ५०० रुपयांवर आली. साडेचार हजाराची वस्तू वर्षभरात पाचशेला होते, तेव्हा आधीच्या भावात काय काय भरले होते हे समजायला शेतकऱ्याला कुणी अर्थशास्त्र शिकवायला नको.

रेमडेसिविरचे तुम्हाला आठवत असेल. एप्रिल २०२१ मध्ये चिठ्ठी हातात द्यायचे आणि म्हणायचे, सहा इंजेक्शने आणा. कंपन्यांनी त्या महिन्यात किंमती उतरवल्या, ८९९ पासून ३,४९० रुपयांपर्यंत. काळ्या बाजारात लोकांनी त्याच्या कितीतरी पट दिले, तेही पावतीशिवाय. आणि जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच हे औषध वापरू नये असा सल्ला दिला होता. डॉक्टरांचे शास्त्र डॉक्टरांपाशी, त्यात आम्ही पडत नाही. पण औषध बाहेरून आणायला लावले तर त्यावर बॅच नंबर असलेली पावती घ्या आणि छापील किमतीवर एक रुपया दिला तरी तो पावतीवर लिहून मागा. लिहून देणार नाहीत. त्यातूनच काय ते कळते.

१ जून २०२१ ला सरकारने दर शहरांच्या तीन वर्गांत वाटले. मोठ्या शहरांना जुनेच, खालच्या वर्गाला, म्हणजे बहुतेक तालुक्याच्या गावांना, २,४००, ४,५०० आणि ५,४०० रुपये. दर रास्त होते. पण दुसरी लाट तोवर ओसरत आली होती. बैल गेला आणि झोपा केला.

त्या काळात बिलांच्या तपासणीसाठी लेखापरीक्षक नेमले गेले होते, जिल्हाधिकाऱ्यांकडे तक्रार करता येत होती, आणि जन आरोग्य अभियानासारख्या संघटनांनी जादा बिलांच्या तक्रारी गोळा करून सरकारपुढे नेल्या. ज्यांच्याकडे तपशीलवार बिल आणि भरलेल्या रकमेच्या पावत्या होत्या त्यांना निदान दाद मागता आली, काहींना पैसे परतही मिळाले. ज्यांनी रोखीने भरून कच्च्या चिठ्ठ्या घेतल्या त्यांचे भांडण दारातच संपले.

मेलेल्या माणसाच्या कागदाचेही तसेच. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे कोरोनाने गेलेल्याच्या वारसाला ५०,००० रुपये देण्याचा निर्णय राज्याने नोव्हेंबर २०२१ मध्ये काढला. त्याला चाचणीचा अहवाल किंवा दवाखान्याचे तसे निदान आणि मृत्यूचा दाखला लागत होता. आमच्या वाड्या-पाड्यांवर माणसे तापाने गेली, चाचणी झालीच नव्हती. मृत्यू घरी, कारण "ताप". जिल्ह्याला तक्रार निवारण समिती होती, पण समितीपुढे ठेवायला कागद हवा ना.

आता कर्जाकडे वळू. २७ मार्च २०२० ला रिझर्व्ह बँकेने हप्त्यांना तीन महिन्यांची स्थगिती देण्याची मुभा दिली, ती पुढे ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली. लोकांना वाटले माफी झाली. हप्ता पुढे ढकलला गेला, व्याज चालूच राहिले. त्यानंतर व्याजावरचे व्याज परत करण्याची योजना केंद्राने ऑक्टोबरमध्ये काढली, दोन कोटीपर्यंतच्या कर्जांना. घराच्या कर्जाला मिळाली, गाडीच्या, फ्रिज-टीव्हीच्या, क्रेडिट कार्डाच्या कर्जालाही मिळाली. पीककर्जाला नाही. ट्रॅक्टरच्या कर्जाला नाही. का, ते दिल्लीला विचारा. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की स्थगितीच्या काळातले व्याजावरचे व्याज कुणाकडूनच घेऊ नये. तोवर ज्याने हप्त्यापायी शेळ्या विकल्या त्याच्या शेळ्या काही परत येणार नव्हत्या.

सावकाराबद्दल थोडेच. २०१४ चा सावकारी कायदा आहे. परवानाधारक सावकाराने शेतकऱ्याकडून तारणावर वर्षाला ९ टक्के आणि विनातारण १२ टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. महिन्याला पाच टक्के घेणारा सावकार नियमात बसतच नाही. जमीन लिहून घेतली असेल तर जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. मायक्रोफायनान्सच्या वसुलीवाल्याने सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर दार वाजवू नये, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे. बायकांनी हा नियम तोंडपाठ करावा. ऐकले नाही तर बँक लोकपालाचा क्रमांक १४४४८.

विजेच्या बिलाचा विषय लहान दिसतो, पण जून २०२० मध्ये त्यानेच जास्त घरांत रडू आणले. लॉकडाऊनमध्ये रीडिंग बंद होते, हिवाळ्यातल्या वापराच्या सरासरीवर बिले आली, आणि जूनमध्ये सगळा उन्हाळा एका कागदावर आला. अशा बिलात पाहायचे ते एकच. युनिट किती महिन्यांचे आहेत आणि दराचे टप्पे तितक्या महिन्यांनी वाढवले आहेत का. तीनशे युनिट तीन महिन्यांचे असतील तर ते महिन्याला शंभराच्या स्वस्त टप्प्यात बसले पाहिजेत.

दाद कुठे मागायची? १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की पैसे घेऊन उपचार करणारा डॉक्टर आणि दवाखाना ग्राहक कायद्याखाली येतो. जिथे सगळ्यांनाच फुकट उपचार आहेत तो दवाखाना येत नाही. नवा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून, म्हणजे ऐन साथीत, लागू झाला. त्यात आपल्या कामाची गोष्ट ही की तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते. दवाखाना मुंबईचा असला तरी आमचा माणूस अलिबागला तक्रार करू शकतो. आम्हाला अलिबागला जाऊन यायचे म्हणजे दिवस मोडतो, पण मुंबईला खेपा घालण्यापेक्षा बरे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. वकील हवाच असे नाही. मुदत दोन वर्षांची, त्यामुळे कोरोनातल्या बिलांची वेळ आता गेली. चौकशीसाठी १९१५ हा क्रमांक आहे. आणि जानेवारी २०२१ च्या शुश्रूषागृह नियमांप्रमाणे दवाखान्याने दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावली पाहिजे. बिल बाकी आहे म्हणून मृतदेह अडवता येत नाही. उपचाराचे कागद मागितले तर ७२ तासांत द्यावे लागतात. हे साथीपुरते नाही. साप चावला, बाळंतपण अडले, फवारणी करताना विषबाधा झाली, तरीही लागू आहे.

तुमच्या तालुक्यातल्या दवाखान्यांत दरपत्रक लावले आहे का, हे पाहायला साथ यायची वाट कशाला? पुढच्या बाजाराच्या दिवशी प्रत्येक गावातून दोघांनी जावे, दरपत्रक लावले असल्यास उतरवून घ्यावे, नसल्यास दिनांक टाकून तसे लिहावे आणि तो कागद पुढच्या जिल्हा बैठकीत आणावा. भांडायचे नाही, दगड तर मुळीच उचलायचा नाही. डॉक्टरांतही रात्रंदिवस राबलेली माणसे आम्ही पाहिली आहेत.

तपशीलवार बिल मागण्याच्या अर्जाचा, उपचाराचे कागद मागण्याच्या अर्जाचा आणि ग्राहक आयोगाकडच्या तक्रारीचा असे तीन मसुदे आम्ही मराठीत करून आणले आहेत. मंडपाच्या डाव्या बाजूच्या टेबलावर ठेवले आहेत. झेरॉक्सचे पैसे ज्याचे त्याने द्यावेत, आणि त्याचीही पावती मागून घ्यावी.